एका दिवसात जंगल आणि चार धबधबे उरकणाऱ्या टूरवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
वर्षावन आणि धबधब्यांच्या एक दिवसाच्या ट्रिपा काढणारे समस्त टूरवाले, टूर मॅनेजर, आणि ऑफिसात बसून शेड्यूल बनवणारी मंडळी यांना,

स.न.वि.वि.

आधीच सांगून टाकते, रिफंड मागायला लिहीत नाहीये. तुमच्या कागदावर जे जे छापलं होतं ते सगळं तुम्ही दाखवलंत, चार धबधबे म्हणजे चार धबधबे, घनदाट वर्षावनात फेरफटका म्हणजे फेरफटका, मध्ये जेवण, संध्याकाळी परत, हिशोबात कुठे खोट नाही. तरीपण परतीच्या बसमध्ये काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं आणि नेमकं काय राहिलं ते कळायला मला पुढचे दोन आठवडे लागले, तेव्हा म्हटलं लिहूनच काढू. कुठलं जंगल, कुठली कंपनी ते मुद्दाम सांगत नाही. एकतर ती माणसं वाईट नव्हती, आणि दुसरं म्हणजे मी अशा तीन ट्रिपा केल्यात, तिन्ही वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या लोकांबरोबर, आणि तिन्हीचं शेड्यूल एकमेकांची झेरॉक्स काढल्यासारखं होतं.

मागणं एकच आहे. दिवस गाइडच्या हातात द्या. सध्या तो शेड्यूलच्या हातात आहे आणि गाइड बिचारा छत्री वर धरून पुढे चालण्यापुरता उरलाय.

आता शेवटच्या ट्रिपचंच सांगते. पिकअप साडेसहाचा. प्रत्येक हॉटेलच्या दारात पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोणी टोपी विसरलं म्हणून परत वर, कोणाचा चहा व्हायचाय, असं करत करत बस गावाबाहेर पडायला आठ वाजले आणि जंगलाच्या गेटवर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बसमध्ये तीन तास टीव्हीवर पिक्चर लावलेला, गाइड ड्रायव्हरच्या शेजारी गप्प बसून. उतरल्यावर आमच्यातले एक काका इकडेतिकडे बघून म्हणाले, एवढं मोठं जंगल आणि साधी चिमणीसुद्धा नाही! गाइड हसला. म्हणाला, सगळे होते, तुम्ही यायच्या तीन-चार तास आधी.

हे त्याने गमतीत म्हटलं पण खरंच आहे ते. पक्षी बोलतात ते उजाडताना, माकडं चरतात ती सकाळी, ऊन तापलं की सगळे आपापल्या सावलीला गप्प. म्हणजे नाटक संपल्यावर तुम्ही आम्हाला थिएटरात नेलंत आणि खुर्च्या दाखवून आणल्यात. पहाटे साडेचारला निघायचं म्हटलं तर गिऱ्हाईक येणार नाही असं तुम्हाला वाटतं का? विमान पकडायला हीच माणसं रात्री दोनला उठतात.

तर पायवाट. लाकडी फळ्यांची, वीस मिनिटांची, कागदावर तिचं नाव "जंगल अनुभव". वळणावर एक झाड होतं, लांबून बघितलं तर जाडजूड खोड, जवळ गेलं की कळतं हे सलग खोड नाहीच, दोऱ्या एकमेकींत विणून टोपली करावी तसली जाळी आहे. गाइडने मला आणि माझ्या भाच्याला खुणेने सांगितलं, आत डोकं घाला. घातलं. आत पोकळ! वर बघितलं तर पार टोकापर्यंत नुसती पोकळी, भिंतीवरून मुंग्यांची रांग वर चाललेली, आणि अगदी वर नाण्याएवढा उजेड. तो म्हणाला, ही पोकळी आहे ना, ते मूळचं झाड. म्हणजे होतं.

हे स्ट्रँगलर फिग, आपल्या वडा-उंबराच्याच कुळातलं. पक्षी किंवा वटवाघूळ फळ खाऊन दुसऱ्याच कुठल्या झाडाच्या फांदीवर शिटतं, बी तिथे वरच रुजतं, तिथून मुळं खाली सोडतं, ती जमिनीला टेकली की जाड व्हायला लागतात, एकमेकींना चिकटतात, आतल्या झाडाला करकचून आवळतात, वर त्याच्या वाटचा उजेडही खातात, आणि कैक वर्षांनी आतलं झाड मरून कुजून जातं आणि बाहेरची टोपली तेवढी उभी राहते. भाचा तेरा वर्षांचा आहे, मोबाइलमधून मान वर काढत नाही, तो त्या पोकळीत उभा राहून म्हणाला, म्हणजे आपण एका झाडाच्या भुतात उभे आहोत. मग गाइडने खाली पडलेलं एक फळ उचलून अंगठ्याने फोडलं आणि आतले बारीक किडे दाखवले. मराठीत आपण म्हणतो ना, उंबर फोडून केंबरं कशाला काढायची, ती केंबरं. तो म्हणाला, आणि या किड्याशिवाय हे झाड...

शिट्टी. मॅनेजरने शिट्टी वाजवली. त्या झाडापाशी आम्ही मोजून आठ मिनिटं होतो, मागे दुसरा ग्रुप खोळंबला होता आणि पहिल्या धबधब्याची वेळ झाली होती.

ते अर्धं राहिलेलं वाक्य मी घरी येऊन वाचून पूर्ण केलं. फळाच्या आतच त्या झाडाची फुलं असतात आणि तिथवर जाऊन परागीकरण करायला चिमुकली गांधीलमाशी लागते, बहुतेक जातींच्या उंबरांची माशी आपापली ठरलेली असते, ती नसेल तर बी नाही. आणि ही झाडं एकाच मोसमात फळत नाहीत, कोणी आत्ता कोणी चार महिन्यांनी, त्यामुळे बाकी जंगलात खायला काही नसतं तेव्हा पक्षी, माकडं, वटवाघळं सगळी याच्या जिवावर तगतात. म्हणजे ज्याने एका झाडाचा जीव घेतला तोच अख्ख्या जंगलाला वाढतो. ही गोष्ट तिथे, त्या पोकळीत उभं राहून, त्या माणसाच्या तोंडून ऐकायची होती मला. त्याला अजून पाच मिनिटं लागली असती हो.

आणि अशी एकच गोष्ट नसते तिथे. जमिनीपर्यंत उजेड पोचतो शंभरातला एखाददुसरा टक्का, म्हणून आमचे सगळे फोटो काळे आले आणि आम्ही मोबाइलला शिव्या दिल्या. उजेड नाही म्हणून खाली झाडोराही कमी, आत तसं मोकळं असतं, चालता येतं. पिक्चरमध्ये दाखवतात तसं कोयत्याने तोडत जायचं रान बहुतेक नदीकाठी नाहीतर एखादं मोठं झाड पडून उजेड आत आलेला असतो तिथे. पानांची टोकं बघा, बऱ्याच झाडांची पानं शेवटी लांब शेपटीसारखी निमुळती, पाणी निथळून जावं म्हणून, कारण वर्षाला २००० मिलिमीटर आणि त्याच्या पुढे पाऊस झेलायचा तर पान ओलं राहून चालत नाही, शेवाळ आणि बुरशी बसते. गाइडने एका पानाच्या टोकाखाली बोट धरलं होतं, थेंब पडला, मग दुसरा, अगदी नळाची तोटी नीट बंद झाली नसावी तसं. मागून कोणीतरी म्हणालं, चला चला.

बरं, एवढी झाडी म्हणजे माती काय सुपीक असेल असं वाटतं आपल्याला. बहुतेक ठिकाणी ती निकस असते, पावसाने धुऊन निघालेली. जे काही खत आहे ते जिवंत झाडांत आणि वरवरच्या पाचोळ्यात, पान पडलं की बुरशी आणि वाळवी त्याच्यावर तुटून पडतात आणि माल लगेच परत वर जातो. म्हणून मुळंही खोल न जाता वरवर पसरतात, आणि बुंध्याला माणूसभर उंचीचे भिंतीसारखे आधार फुटतात. आता हे ऐकल्यावर सांगा, त्या मुळांवर चौतीस माणसं चढवून ग्रुप फोटो काढायचा का? आमचा काढला. मीही चढले होते, दुसऱ्या रांगेत आहे, हसतेय.

१९८२ साली टेरी अर्विन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने एक छोटासा लेख छापला होता. पनामामध्ये एकाच जातीच्या १९ झाडांवर त्याने कीटकनाशकाचं धुकं सोडलं आणि खाली काय काय पडतं ते गोळा केलं, तर नुसत्या भुंगेऱ्यांच्याच १,२००च्या आसपास जाती निघाल्या. १९ झाडं! आमच्या बसच्या पार्किंगभोवती तेवढी असतील. त्यावरून त्याने उष्ण कटिबंधातल्या कीटकांच्या आणि त्यांच्या भाईबंदांच्या जातींचा जो अंदाज बांधला, ३ कोटींचा, तो पुढे बाकीच्यांनी बराच खाली आणला, पण झाडावरून पडलेले भुंगेरे तर मोजलेलेच आहेत. आणि आपण काय सांगून तिकीट विकतो, चार धबधबे.

धबधब्यांशी माझं भांडण नाही, उगाच गैरसमज नको. पहिला दिसला तेव्हा मीपण ओरडलेच. पण दुसऱ्याला "अरे वा", तिसऱ्याला "हा पण छान आहे", आणि चौथ्याला मावशी म्हणाली, मी बसमध्येच बसते, तुम्ही फोटो काढून आणा. चौथ्यांदा जेवायचं पान वाढावं आणि पोट भरलेलं असावं तसं होतं ते. पार्किंग, पायऱ्या, रेलिंग, फोटो, पायऱ्या, पार्किंग. दुसऱ्या धबधब्यापाशी गाइड खडकाकडे हात करून काहीतरी दाखवत होता, वरचा थर काळा कठीण, खालचा भुसभुशीत, पाणी खालचा कोरत जातं, वरचा छज्जासारखा लोंबायला लागतो, मग एक दिवस तो तुटून पडतो आणि धबधबा तेवढा मागे सरकतो, म्हणजे आपण ज्या दरीतून चालत आलो तिथे कधीकाळी धबधबाच होता. हे ऐकणारे आम्ही चौघं. बाकी तीस जण रेलिंगला सेल्फीच्या रांगेत, आणि त्यांचीही चूक नाही, बारा मिनिटांत माणूस फोटो काढेल नाहीतर ऐकेल.

दक्षिण अमेरिकेत गयानामध्ये कायेतूर नावाचा धबधबा आहे, २२६ मीटर एका उडीत खाली. लोक छोट्या विमानाने एका दिवसासाठी तिथे जातात, तुमच्यासारखीच डे ट्रिप, आणि त्या कड्याभोवती काही तास फिरून परत येतात. तिथे माणसाहून उंच वाढणारे ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातली झाडं आहेत, त्यांच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचतं आणि त्या पाण्यावर नखाएवढे सोनेरी बेडूक राहतात, आणि पाण्याच्या पडद्यामागे कपारीत पाकोळ्यांचे थवे रात्रीला उतरतात. गाइड म्हणाला बेडूक बघा की सगळे त्या पानात वाकून बघत बसतात. एका जागी थांबलं तर हे दिसतं. चार जागी थांबलं तर चार पार्किंग दिसतात.

आता जे लिहायला मुख्य म्हणजे बसले ते.

तुमच्या सगळ्यांच्या शेड्यूलमध्ये सगळ्यात मोठा धबधबा शेवटी असतो, पिक्चरच्या क्लायमॅक्ससारखा. तीन-साडेतीनला. का? कोणी विचार केलाय? उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच ठिकाणी ओल्या मोसमात दिवसाचं एक ठरलेलं असतं, सकाळी ऊन, जमीन तापते, वाफ वर जाते, दुपारपर्यंत ढगांचे मनोरे चढतात, आणि तिसऱ्या प्रहरी डोंगरावर कोसळतो. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात आरोह पाऊस म्हणून होता तोच. म्हणजे डोंगरात पाऊस पडायची जी वेळ, नेमक्या त्याच वेळेला तुम्ही माणसं आणून धबधब्याखालच्या डोहात सोडता.

आमचं असंच झालं. डोहापाशी लख्ख ऊन होतं, पाणी हिरवं स्वच्छ, तळाचे गोटे दिसत होते. वीसेक जण पाण्यात. मावशीपण उतरली होती शेवटी, गुडघ्यापर्यंत, काठाला धरून. गाइड धबधब्याकडे बघतच नव्हता. तो काठावर उकिडवा बसून समोरच्या एका खडकाकडे बघत होता, त्या खडकावर शेवाळाचा एक काळा पट्टा होता, पाण्याच्या वीतभर वर. मी त्याच्या शेजारी बूट काढत होते म्हणून मला हे दिसलं. थोड्या वेळाने तो पट्टा पाण्याला टेकला. मग दिसेनासा झाला. मग धबधब्यातून पानं आणि काटक्या यायला लागल्या, आधी दोन-चार, मग झुबके, आणि पाणी काठाकाठाने चहासारखं व्हायला लागलं. तो उठला आणि ओरडला, सगळे बाहेर.

कोणी हललं नाही. खरंच नाही. एक गृहस्थ म्हणाले, अहो ऊन पडलंय की. दुसरे म्हणाले, इतका वेळ बसने आलो ते कशाला. आणि आमचा मॅनेजर, चांगला मुलगा आहे, सगळ्यांच्या बॅगा उचलतो, तो घड्याळ बघून म्हणाला, शेड्यूलप्रमाणे अजून वीस मिनिटं आहेत, पब्लिक ओरडेल रे. गाइडने त्याच्याशी वाद घातला नाही, कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि पहिल्यांदा मावशीचा दंड धरून तिला बाहेर ओढलं, चांगलंच जोरात, तिच्या हाताला दुसऱ्या दिवशी वळ होता. मावशीला ओढताना बघितल्यावर मग बाकीचे निघाले, कुरकुरत. दहा मिनिटंही झाली नसतील, आम्ही ज्या सपाट खडकावर बॅगा ठेवल्या होत्या तो खडक नव्हता तिथे. म्हणजे होता, खाली कुठेतरी. दोन टॉवेल, एक सॅंडल आणि कोणाची तरी कॅमेऱ्याची बॅग गेली. पाण्याचा आवाजच बदलला होता, इतका की शेजारच्याशी बोलता येत नव्हतं. आणि आमच्या डोक्यावर तेव्हासुद्धा ऊन.

पाऊस वर कुठेतरी पडतो, उतार उभा असतो, माती आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली, मग पुढचं सगळं पाणी थेट ओढ्यात येतं. पाणी चढतंय, गढूळ होतंय, पालापाचोळा येतोय, आवाज वाढतोय, यातलं एकही दिसलं की निघायचं, मोजत बसायचं नाही. हे बसमधल्या तीन तासांत पाच मिनिटं सांगितलं असतंत तर आम्ही तो वाद घातला नसता. आणि पूर नसला तरी पाणी कोसळतं तिथला पांढरा फेस म्हणजे अर्धी हवाच, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, चांगला पोहणारासुद्धा खाली जातो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला बाबिंडा बोल्डर्स म्हणून जागा आहे, वर्षावनातला ओढा, गुळगुळीत मोठाले धोंडे, दिसायला इतकी शांत की टॉवेल घेऊन पळत सुटावं. तिथला एक भाग पोहायला चालतो, आणि थोडं खाली डेव्हिल्स पूल म्हणून भाग आहे तिथे पाण्यात उतरायला बंदी, कारण तिथे माणसं गेलीत, बरीच. दोन्हीकडचं पाणी वरून सारखंच दिसतं. फरक माहीत असतो तो तिथल्या माणसाला.

परतीच्या बसमध्ये काय झालं ते ऐका. चौथा धबधबा लवकर आवरला म्हणून दोघांनी तक्रार केली, मॅनेजरने माइकवर माफी मागितली, आणि रात्री आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं, मी गाइडला दोन स्टार दिलेत, फार उद्धट होता, लेडीजला हात धरून ओढतो. मावशीने त्याला काय उत्तर लिहिलं ते इथे छापता येणार नाही. पण ते दोन स्टार तिथेच राहिले ना. आणि मला नंतर कळलं की गाइडला पुढचं काम मिळणं न मिळणं याच स्टारांवर असतं. म्हणजे तुम्ही त्याला असं ठेवलंय की पुढच्या वेळी पट्टा बुडाला तरी त्याने दोनदा विचार करावा.

म्हणून म्हणते, बुकिंगच्या फॉर्मवर मोठ्या अक्षरात छापा, पाण्यात उतरायचं की नाही, वाट चालायची की परत फिरायचं, यात गाइडचा शब्द शेवटचा, मॅनेजरचा नाही, गिऱ्हाईकाचा तर नाहीच. सही घ्या आमची खाली. आणि गाइडने एखादा पॉइंट रद्द केला तर त्याचे पैसे कापायचे नाहीत, त्या दिवसाचे स्टार धरायचे नाहीत. गिऱ्हाईक ऐकत नाही म्हणू नका. युगांडात बविंडीच्या जंगलात गोरिला बघायला नेतात, एका ग्रुपला जास्तीत जास्त आठ माणसं, गोरिलांपाशी एक तास, सर्दी-खोकला असेल तर जवळ जायचंच नाही, रेंजर म्हणाला चला की चला. त्या एका तासासाठी लोक आधीपासून परमिट काढून, तासन्‌तास चिखल तुडवत, डोंगर चढत जातात आणि हात जोडून ऐकतात. नियम आधी सांगितला की माणूस ऐकतो, डोहात उतरल्यावर सांगितला की भांडतो.

चौतीस माणसं एका गाइडमागे हेही त्यातच आलं. सातव्या-आठव्या माणसाच्या मागे काहीही ऐकू जात नाही, मग तो मागचा माणूस स्पीकर काढतो. आमच्याकडे काढला होता. त्या भर जंगलात कोणाचा तरी स्पीकर वाजत होता आणि आम्ही म्हणत होतो पक्षी कसे नाहीत.

बाकी बारीकसारीक. बुटांचं एक सांगते कारण हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. बेडकांना एक बुरशी होते, कायट्रिड म्हणतात, पाण्यातून आणि ओल्या चिखलातून पसरते. २०१९ साली शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तेव्हा ५०१ जातींचे बेडूक आणि त्यांचे भाईबंद तिच्यामुळे घटले होते आणि त्यातल्या ९० जाती संपल्यातच जमा. ज्या ट्रिपमध्ये एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, त्याच ओल्या चिखलाच्या बुटांनी चौतीस माणसं नाचवायची, त्या ट्रिपमध्ये बसच्या दारात एक ब्रश आणि पाण्याची बादली नको का? काही जंगलांच्या गेटवर बूट घासायची सोय असते, आमच्या गेटवर होतीपण, शेड्यूलमुळे सगळे तिला वळसा घालून आत गेले. तसंच सनस्क्रीन आणि डासांचं औषध. ते अंगभर चोपडून त्याच अंगाने आम्ही डोहात उतरलो, आणि तो डोह म्हणजे कोणाची तरी अंडी घालायची जागा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला असं कागदावर लिहिलंत तर निम्मं औषध तसंच वाचेल.

जळवांचं मात्र घाबरवू नका लोकांना. आमच्या बसमध्ये जळू निघाली तेव्हा साप निघाल्यासारखा गोंधळ झाला, एक ताई सीटवर उभ्या राहिल्या. ती रक्त पिते ते दुखतही नाही, रक्त गोठू नये म्हणून काहीतरी सोडते म्हणून नंतर वाहत राहतं एवढंच. मीठ, काडीपेटी काही नको, नख सरकवून हळूच सोडवायची. गाइडने एका बोटाने सोडवली आणि खिडकीतून बाहेर ठेवली, फेकली नाही, ठेवली.

ज्याला खरंच घाबरायचं ते सांगत नाही कोणी. क्वीन्सलंडच्याच वर्षावनात गिंपी-गिंपी नावाचं झाड असतं, पान हृदयाच्या आकाराचं, मऊ लव असलेलं, हात लावावासा वाटेल असं. ती लव म्हणजे काचेसारखे बारीक काटे, त्याची आग काहींना महिनोन्‌महिने परत परत होते, आणि २०२० साली त्यातलं विष तपासलं तर ते कोळ्याच्या विषाच्या जातीचं निघालं. अशा ठिकाणी बसमधले तीन तास पिक्चर लावायचा की गाइडच्या हातात माइक द्यायचा, तुम्हीच ठरवा.

आणि गाइड तिथलाच घ्या, शहरातून बसबरोबर आणू नका. २०२१च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातलं डेनट्री नॅशनल पार्क कुकु यलांजी लोकांना, म्हणजे त्या जमिनीच्या मूळ लोकांना, परत सोपवलं. तिथे मॉसमन गॉर्जला त्यांचेच लोक जंगल दाखवायला नेतात, सुरुवातीला धुनी करून त्या धुरातून पाहुण्यांना फिरवतात, मग आत. कुठलं पान कशाला, कुठल्या झाडाचं काय, कुठे जायचं नाही. अशा माणसाला शिट्टी वाजवून मध्येच कोणी थांबवेल का, मला नाही वाटत.

तुमची अडचण मला कळते, नाही असं नाही. शेजारचा टूरवाला पाच धबधबे छापतो, मग तुम्ही तीन कसे छापणार. आणि आम्ही गिऱ्हाईकंच तशी, दोन कागद शेजारी ठेवून पॉइंट मोजतो, मीही मोजले होते, म्हणून तर तुमच्याकडे आले. पण एकदा एक वेगळी बॅच काढून बघा. अंधारात निघायचं, उजाडताना जंगलात, बारा माणसं, दोन-तीन तास नुसतं चालणं, थांबणं, ऐकणं. मग दुपारच्या आत एक धबधबा, एकच, तिथे बसून डबा, आणि ढग चढायच्या आधी परत गाडीत. कागदावर पॉइंट कमी दिसतील. त्याच्याऐवजी ते पोकळ झाड छापा, आतून वर बघताना काढलेला फोटो. माझ्याकडे आहे, काळा आलाय पण नाणं दिसतं, हवा असेल तर पाठवते.

ती बॅच निघाली की मला कळवा. भाचा येणार म्हणतोय. मावशीपण येणार आहे, फक्त तिची अट आहे की गाइड तोच पाहिजे, ज्याने दंड धरला होता. पहाटे साडेचारला आम्ही तिघं दारात उभे असू, टोप्या घालून.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बसमधली सातवी रांग, खिडकी